नागपूरहून बाईकवर जुनी गावं बघायला निघताय? पहिल्या तीन ट्रिप अशा करा

नोव्हेंबरातला रविवार होता, घरून निघाले तेव्हा माझ्या कागदावर चार गावं लिहिलेली होती. मनसर, रामटेक, नगरधन, तिथून भंडाऱ्यावरून पवनी, आणि रात्री जेवायला परत नागपूर. झालं काय, तर रामटेकच्या गडावर मी जेमतेम अर्धा तास थांबले, नगरधनचा किल्ला बाहेरूनच पाहिला, आणि पवनीत पोचले तोवर अंधारायला लागलं होतं, ज्यासाठी गेले ती टेकडी दिसलीच नाही. परत येताना भिवापूर ते उमरेडच्या मधे एक रोही (नीलगाय) झपकन रस्त्यावर आला. पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला म्हणून मला कळलं, नाहीतर माझ्या लाईटमधे तो दिसलाच नव्हता. घरी आल्यावर हात थरथरत होते आणि अडीचशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून पाहिलं काय ते एक वाक्यात सांगता येत नव्हतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली, आता सहा वर्षं झाली अशी फिरून राहिले, कधी एकटी, कधी धाकट्या भावासोबत, कधी मैत्रिणीला मागे बसवून. ज्यांना नवीन सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवते. लडाख, स्पिती वगैरे यात नाहीये. हे आपल्या नागपूरच्या आजूबाजूच्या जुन्या गावांचं आहे, ज्यांच्यावरून आपण लग्नाला जाताना कितीदा गाडीतून गेलो आणि कधी उतरलो नाही.

१. आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. मार्चचा पहिला पंधरवडा ओढूनताणून चालतो. एप्रिल-मे मधे आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हेल्मेटच्या आत डोकं शिजतं आणि काळ्या डांबरावरून जी गरम हवा पायाला लागते ती तासाभरात माणसाला झोपवते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी साडेपाचला निघून दहाच्या आत परत, म्हणजे फारतर रामटेक. पावसाळ्यात तळी आणि टेकड्या फार सुंदर दिसतात हे खरं, पण तेव्हा जुन्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि रस्त्यातले खड्डे पाण्याखाली लपलेले असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी पावसाळा नको.

डिसेंबरात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो, म्हणजे उजेडाचे तास अकराच्या आसपास, सगळा हिशोब त्यातच बसवायचा. दुसरं, पहाटे नदीकाठच्या आणि धानाच्या पट्ट्यात धुकं दाट असतं, कन्हानच्या पुलावर मी पुढच्या गाडीचा फक्त लाल लाईट बघत गेलेली आहे. सात वाजता निघा, पाचला निघालो नाही म्हणून काही बिघडत नाही.

२. एक दिवस, एक गाव

ही एक गोष्ट पाळली तर बाकीच्या चुका आपोआप कमी होतात. एक गाव म्हणजे एक परिसर, रामटेक-मनसर-नगरधन हे मी एकच धरते कारण तिन्ही दहा-बारा किलोमीटरच्या आत आहेत. जाऊन येऊन दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या वर एका दिवसात नको, त्यापेक्षा जास्त असेल तर मुक्काम करा.

हिशोब असा करते मी: ताशी सरासरी ४० धरायची. मॅप सांगेल दीड तास, पण चहा, एखादं फाटक, बैलगाडीच्या मागे लागलेली रांग, संत्र्याच्या बागेशी थांबणं हे सगळं धरून दोन-सव्वादोन तास लागतात. आणि गावात कमीत कमी चार तास राहायचं. पहिल्या दोन तासात देऊळ-किल्ला होतो, गाव दिसायला लागतं ते नंतर, जेव्हा तुम्ही ओट्यावर बसता आणि कोणीतरी विचारतं, कुठून आले जी तुम्ही.

३. गाडी आहे तीच चालेल

माझी १२५ सीसीची साधी गाडी आहे, रोज ऑफिसला जाते तीच. १०० सीसीवर पण हे सगळं आरामात होतं कारण आपल्याला ५०-५५ च्या वर जायचंच नाहीये. महागडी गाडी घेऊन मगच फिरू असं म्हणणारे माझ्या ओळखीत चार-पाच जण आहेत, ते अजून घरीच आहेत.

पण सर्व्हिसिंगबद्दल एक सांगते, ते मी त्रास होऊन शिकले. सर्व्हिसिंग ट्रिपच्या आदल्या दिवशी करू नका. एका गॅरेजमधून शनिवारी संध्याकाळी गाडी घेतली, रविवारी सकाळी निघाले, आणि बुटीबोरीच्या पुढे मागून कुरकुर आवाज यायला लागला. चेन इतकी ताणून ठेवली होती की ढिलच उरली नव्हती. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकदादाने दहा मिनिटात सोडवून दिली आणि पैसे पण घेईनात, चहा पाजला त्यांना. तेव्हापासून मी आठ दिवस आधी गाडी दाखवते आणि मधले आठ दिवस शहरात चालवून बघते, काही ढिलं-घट्ट राहिलं असेल तर ते घराजवळ कळतं.

स्वतः बघायच्या गोष्टी:
– चेन मधोमध बोटाने वरखाली करून बघा, साध्या गाड्यांना बहुतेक दोन-तीन सेंटिमीटर ढिल लागते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधे किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो
– हवा टायर थंड असताना चेक करा, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो
– दोन्ही ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, आणि मागचा लाल लाईट (हा आपल्याला दिसत नाही म्हणून कोणी बघतच नाही)
– क्लचची केबल हँडलजवळ उसवलेली दिसली तर आत्ताच बदला

४. कागदपत्रं

लायसन्स (गिअरवाल्या गाडीचं, आणि पक्कं, लर्निंगवर हायवेला जाऊ नका), आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधले कागद चालतात, पण त्याचा स्क्रीनशॉट किंवा गॅलरीतला फोटो हे वेगळं, अ‍ॅपमधेच उघडून दाखवायचं असतं, आणि जिथे चेकिंग तिथेच नेमकं नेटवर्क नसतं म्हणून मी निघायच्या आधी अ‍ॅप एकदा उघडून बघते आणि ओरिजिनल पण प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवते. पीयूसीची तारीख तर सगळे विसरतात, आत्ता वाचता वाचता उठून बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर ती नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागलीय का तेही बघून घ्या.

हेल्मेट दोघांनाही, चालवणाऱ्याला आणि मागच्याला, कायद्यानेच. आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावा. नागपुरात किती जण हेल्मेट आरशाला अडकवून फिरतात ते आपण रोजच बघतो, हायवेवर असं करू नका, अगदी मनापासून सांगते.

मुक्काम असेल तर आधार कार्ड, लॉजवाले मागतातच.

५. सोबत काय

कमी घ्या. पाठीवर बॅग घेऊन चाळीस किलोमीटरनंतर खांदे भरून येतात, त्यापेक्षा मागच्या सीटला रबरी दोरीने बांधा आणि दोरीचं टोक चाकात जाणार नाही हे दोनदा बघा.

पाणी दोन लिटर, गूळ-शेंगदाणे, टॉर्च (गुहा आणि जुन्या देवळांच्या गाभाऱ्यासाठी, मोबाईलचा पुरत नाही), पंक्चर किट आणि छोटा हवेचा पंप, तुमच्या गाडीला ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब कारण गावातल्या पंचरवाल्याकडे तुमच्या साईझची असेलच असं नाही. स्पार्क प्लग आणि पाना. ओआरएसची दोन पाकिटं, बँडेज. सुटे पैसे, शंभर-पन्नासच्या नोटा, आता चहाठेल्यावर पण यूपीआय चालतं पण रेंज गेली की चालत नाही. थंडीत छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्र घातलं तर वारा लागत नाही, हे माझ्या बाबांनी शिकवलं, ते याच रस्त्यांनी लुनावर जायचे.

बायकांसाठी वेगळं सांगते कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. बाथरूमसाठी हायवेवरचा मोठा, गर्दीचा पेट्रोल पंप बघा, छोट्या पंपावर बहुतेक कुलूप असतं, किल्ली मागून घ्यायची, लाजायचं नाही. तीर्थाच्या गावात भक्त निवास किंवा धर्मशाळा असते तिथे विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. बाथरूमच्या काळजीने पाणी कमी पिऊ नका, त्यानेच डोकं धरतं. आणि मी एकटी असते तेव्हा घरच्या दोघांना लाईव्ह लोकेशन देते आणि गावात पोचल्यावर फोन करते, त्यांनाही निवांत वाटतं.

६. रस्ता आणि मॅप, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

पहिला फास: समृद्धी महामार्ग. त्यावर बाईकला बंदी आहे. तुम्ही मॅपमधे कारचं चिन्ह ठेवून वर्धा टाकलं तर तो तुम्हाला तिकडे नेऊ शकतो आणि मग नाक्यावरून परत फिरावं लागतं. मॅपमधे बाईकचं चिन्ह निवडा, आणि निघायच्या आधी रस्त्यातल्या चार-पाच गावांची नावं कागदावर लिहून टाकीवर चिकटवा. कन्हान, मनसर, रामटेक. उमरेड, भिवापूर, पवनी. एवढं पुरतं, मोबाईल सारखा बघावा लागत नाही.

दुसरा: शॉर्टकट. मॅप सहा किलोमीटर वाचवायला शेतातल्या पांदण रस्त्याने नेतो, तिथे गिट्टी टाकून ठेवलेली असते आणि गिट्टीवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच. गिट्टी, वाळू, ओलं शेण यावर मागचा ब्रेक हळूच, हँडल सरळ.

तिसरा: हंगाम. नोव्हेंबर-डिसेंबरात भंडाऱ्याकडे धानाची कापणी असते, काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला तणीस (धानाचा पेंढा) पसरून ठेवतात, त्यावरून चाक घसरतं आणि ते गरम सायलेन्सरला गुंडाळतं पण. कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्याच्या मधोमध चालतात, त्यांना मागचं काही दिसत नाही, हॉर्न वाजवून त्यांनी बाजूला घेईपर्यंत थांबा.

चौथा: अंधार. जंगलाच्या पट्ट्यात, म्हणजे उमरेड-कऱ्हांडल्याकडचा रस्ता, मनसरच्या पुढे पेंचकडचा, चंद्रपूरच्या आसपासचा, संध्याकाळी पाचनंतर रोही आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात. पाचच्या आत जंगल मागे टाकायचं हा माझा नियम आहे, चहा सुटला तरी चालेल.

टोलचं सोपं आहे, बाईकला टोल नाही, डाव्या कडेला बहुतेक वेगळी वाट असते.

७. पहिली ट्रिप: मनसर, रामटेक, नगरधन

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे रामटेक, साधारण ५० किलोमीटर. रस्ता चांगला आहे, ट्रक मात्र भरपूर, म्हणून डावी लेन धरून चला. मनसरला चहा घ्या आणि रामटेकला पळू नका, आधी मनसरची हिडिंबा टेकडी बघा. इथे उत्खननात विटांचं फार मोठं बांधकाम निघालं आणि अनेक अभ्यासक हीच वाकाटक (विदर्भातलं जुनं राजघराणं) राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असं मानतात. पाटी वाचून फारसं कळत नाही, पण टेकडीवर चढून विटांचे थर जवळून बघा, पाचव्या शतकाच्या आसपासची वीट आपल्या आजच्या विटेपेक्षा किती मोठी आणि चपटी आहे ते हाताची वीत लावून कळतं (वरून, हात न घासता).

रामटेकला गाडीने गडावर जाता येतं पण पहिल्या वेळी पायऱ्यांनी जा. बहुतेक लोक सरळ राममंदिरात जातात आणि परत येतात. वाटेतली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन छोटी देवळं चुकवू नका, ती वाकाटक काळातली आहेत, म्हणजे वरच्या गडाच्या तटापेक्षा कितीतरी शतकं जुनी. आतली नरसिंहाची मूर्ती एवढी मोठी, एवढी शांत बसलेली, आणि देऊळ एवढंसं. सकाळी नऊच्या सुमारास मी तिथे गेले तर आत मी एकटीच होते आणि बाहेर वानरांची पिल्लं. पुढे वराहाची मोठी मूर्ती आहे, तिच्या खालून लोक रांगत जातात. वर गेल्यावर अंबाळा तलाव दिसतो. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मानलं जातं, त्याचं स्मारकही गडावर आहे, आणि आषाढातले ढग खरंच कसे या टेकडीला टेकतात ते बघायला मी एकदा पावसाळ्यात बसने गेले होते.

वानरांपासून जपा. बाईकला अडकवलेली पिशवी उघडून केळी तर नेतातच, माझ्या भावाचा चष्मा पण नेला होता. हेल्मेट गाडीवर ठेवू नका, हातात घ्या.

उतरल्यावर अंबाळ्याच्या काठावर बसा, तिथली जुनी देवळं आणि घाट बघा. खिंडसीला बोटिंग आहे, छान आहे, पण ते त्याच दिवशी करू नका कारण नगरधन राहून जातं. आणि नगरधन राहायला नको.

नगरधन हे रामटेकहून दहा किलोमीटरच्या आत आहे, धानाच्या बांध्यांमधून रस्ता. आज दिसतो तो किल्ला नंतरच्या काळातला, पण गाव म्हणजे वाकाटकांची जुनी राजधानी नंदिवर्धन. २०१५ ते २०१८ मधे राज्य पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं तेव्हा प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली, तिच्या नावाची आणि शंखाचं चिन्ह असलेली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर मुलं लहान होती म्हणून राज्य हिने चालवलं. किल्ल्याच्या आत जमिनीखाली उतरून जायचं देवीचं मंदिर आहे. मी दर वेळी तिथे बसते. दीड हजार वर्षांपूर्वी एक बाई इथे बसून कागदांवर, म्हणजे ताम्रपटांवर, आपल्या नावाने हुकूम काढत होती आणि मला शाळेत हिचं नाव एका ओळीत येऊन गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्यासोबत मुली असतील तर त्यांना हे तिथेच सांगा.

चारला निघा, साडेपाचला घरी.

८. दुसरी ट्रिप: पवनी

दिघोरीवरून उमरेड रोड, मग उमरेड, भिवापूर, पवनी, ८०-८५ किलोमीटर. उमरेडपर्यंत कोळशाचे टिप्पर असतात, त्यांच्या मागे राहू नका, चष्मा किंवा काच खाली पाहिजेच. भिवापूरला थांबून मिरची बघा, भिवापुरी मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, हंगामात येताना किलोभर घेऊन या पण बॅगेत कपड्यांपासून लांब ठेवा.

पवनी हे वैनगंगेच्या काठचं गाव, देवळं इतकी की लोक विदर्भाची काशी म्हणतात. जुन्या गावाला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथीकडे नदी. गाडी दरवाजाच्या बाहेर लावा आणि आत पायी फिरा, गल्ल्या अरुंद आहेत आणि बाईकवरून घरांची लाकडी कामं दिसत नाहीत. पंचमुखी गणपती, मग वैजेश्वराचा घाट. घाटावर दुपारी बायका कपडे धुवून पायऱ्यांवर वाळत घालतात, त्यांना विचारून बसा, त्या गावाची सगळी माहिती देतात, कोणता घाट कोणी बांधला इथपासून गोसीखुर्द धरणाने पाणी कसं बदललं इथपर्यंत.

आणि जगन्नाथ टेकडी. इथे १९६९-७० मधे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने मिळून उत्खनन केलं आणि मोठा बौद्ध स्तूप सापडला, मौर्य-शुंग काळातला, कोरीव खांबांसकट. आज तिथे जाऊन सांचीसारखं काही उभं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. टेकाड आहे, गवत आहे, विटांच्या खुणा आहेत. पण एक दीक्षाभूमीच्या शहरातून आलेली बाई म्हणून मला तिथे उभं राहून जे वाटलं ते वेगळंच होतं, की धम्म आपल्याकडे १९५६ मधे परत आला, पहिल्यांदा नाही, तो दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी होता.

रस्ता विचारताना स्तूप कुठे आहे म्हणाल तर सगळ्यांना कळेलच असं नाही, जगन्नाथ टेकडी म्हणा. हे सगळीकडे लागू आहे, पुस्तकातलं नाव आणि गावातलं नाव वेगळं असतं. किल्ल्याला कुठे गढी म्हणतात, कुठे परकोट.

तीनला पवनी सोडा. जंगलाचा पट्टा लक्षात आहे ना.

(पवनी लांब वाटत असेल तर तिच्याऐवजी वर्धा करा, ७५-८० किलोमीटर, बुटीबोरीवरून केळझरचा गणपती, मग पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. आश्रमासाठी जमीन खणताना निघालेल्या जुन्या मूर्ती तिथेच ठेवल्यात, त्यातलं भरतभेटीचं शिल्प नक्की बघा. मग सेवाग्राम, जिथे गांधीजी १९३६ मधे राहायला आले. बापू कुटीत गप्प बसा थोडा वेळ, ती मातीची भिंत आणि चटई. येताना गोरसपाक (वर्ध्याचं बिस्किट) घ्यायचा.)

९. तिसरी ट्रिप: मुक्कामाची, भद्रावती आणि चंद्रपूर

दोन ट्रिप नीट झाल्या की मगच. नागपूर, बुटीबोरी, जांब, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, एकूण १५० किलोमीटर. पहिल्या दिवशी भद्रावतीत भरपूर वेळ द्या: विजासनची बौद्ध लेणी (टॉर्च इथे लागतो, लांब बोळासारखी लेणी आहे आणि शेवटी बुद्धमूर्ती), भद्रनागाचं देऊळ, आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर. एकाच छोट्या गावात तिन्ही, आणि तिन्हीकडे आज पूजा-वंदना चालू आहे.

संध्याकाळच्या आत चंद्रपूर. वरोऱ्यानंतर कोळशाची वाहतूक वाढते, घाई करू नका. लॉज आधी फोन करून बुक करा आणि गाडी आत लावायला जागा आहे का हे विचारा, रस्त्यावर लावणार असाल तर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सातला, गर्दी व्हायच्या आधी, परकोट बघा. गोंड राजांचा हा तट ११ किलोमीटरच्या आसपास आहे, शहर अजून त्याच्या आत-बाहेर राहतं. चार दरवाजे, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर, आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे, त्यांची नावंच किती छान: हनुमान, विठोबा, चोर, मसाण, बगड. दरवाज्यांवर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरलाय, ते गोंड राज्याचं चिन्ह. तटावर झाडंझुडपं इतकी माजली होती की चालता यायचं नाही, चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी महिनोन्‌महिने स्वतः राबून तो साफ केला, तिथून चालताना त्यांची आठवण ठेवा आणि एक कागदसुद्धा टाकू नका. मग अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या, त्यात राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, बांधलेली. आणि महाकालीचं देऊळ.

इथपर्यंत आलोच आहोत तर ताडोबा करू, हे सगळ्यांच्या मनात येतं. बाईकवर आत सोडत नाहीत, ती वेगळी ट्रिप आहे. बारापर्यंत चंद्रपूर सोडा म्हणजे जेवणासकट पाचच्या आत नागपूर.

१०. गावात वागायचं कसं

देवळासमोर रेस करू नका, गाडी बंद करून ढकलत न्या. माणसांचे फोटो विचारून. दगडावर चढून फोटो काढायचे नाहीत, नाव कोरायचं तर दूरच. जेवण गावातल्याच खानावळीत करा, अकरा वाजता जाऊन सांगून ठेवा किती जण आहोत, म्हणजे भाकरी गरम मिळते. सावजीचा मोह रात्रीसाठी ठेवा, दुपारी तिखट-तेलकट खाऊन उन्हात गाडी चालवली की डोळे मिटायला लागतात. डुलकी येऊन राहिली असं वाटलं तर गाडी लावून झाडाखाली वीस मिनिटं झोपा, मी झोपते, आणि आजपर्यंत कुठल्याही गावात कोणी त्रास दिला नाही, उलट एकदा एका काकूंनी अंगणातली बाज आणून दिली.

एकत्र चार गाड्यांच्या वर नको. जास्त झाल्या की कोणाची तरी वाट बघण्यातच दिवस जातो आणि गावातली माणसं बोलायला पुढे येत नाहीत.

११. घरी आल्यावर

त्याच रात्री चेन पुसून तेल लावा, धूळ बसली की सकाळपर्यंत घट्ट होते. पेट्रोल किती लागलं, कुठला रस्ता खराब होता, खानावळ कुठली चांगली, हे वहीत लिहा. माझ्या वहीत पवनीच्या पानावर सहा वेगवेगळ्या तारखा आहेत.

आणि गावात कोणाला फोटो पाठवतो म्हणाला असाल तर झोपायच्या आधी पाठवा. घाटावरच्या त्या बायकांपैकी एकीने मला नंबर दिला होता, मी पंधरा दिवसांनी पाठवला तर म्हणाल्या, आम्ही रोज बघत होतो ताई, आला का म्हणून.